आजीव उडाणटप्पू

आमचे साडू सध्या गोल्ड आहेत. ते शिकागोत राहतात, कन्सल्टिंगमध्ये आहेत, सोमवारी पहाटे घर सोडतात आणि गुरुवारी रात्री परततात. या ये-जा करण्याबद्दल एका विमान कंपनीनं त्यांना सोन्यात काढलं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. नात्यात वितुष्ट नको, आणि साडूंच्या बोलण्यावरून तीही आता नात्यातलीच वाटते. वाढदिवसाला पहिल्या शुभेच्छा तिच्या येतात. मेहुणीच्या त्यानंतर, चहाबरोबर.

पण हे सोनं दरवर्षी पुन्हा घडवावं लागतं. १ जानेवारीला हिशेब शून्यावर येतो. वर्षभरात पुरेसं उडणं झालं नाही, तर माणूस पुढे सिल्व्हरवर घसरतो आणि त्याहून घसरला की आपल्यात येतो. साडूंना ही धास्ती कायमची मिटवायची आहे. त्यावरचा उतारा म्हणजे लाइफटाइम स्टेटस. ठरलेले मैल एकदा पुरे केले की मरेपर्यंत गोल्ड. मग उडा नाहीतर घरी बसा. साडूंनी पन्नाशी ओलांडली आहे. या वयात माणसं गुरू करतात किंवा सकाळी टेकडी चढायला लागतात. साडू मैल मोजतात.

या वेडाचा उगम अमेरिकेतला. १९७८ साली तिथे विमानभाड्यांवरची सरकारी बंधनं उठली, कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवू लागल्या आणि १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हांटेज नावाची योजना काढली: आमच्याकडे उडा, मैल साठवा, फुकट तिकीट न्या. मग इतरांनाही ते करणं भाग पडलं. पुढे फुकट तिकिटानं भागेना, तेव्हा माणसांच्या प्रती लावल्या गेल्या. आज अमेरिकनकडे दहा लाख मैलांना आजन्म गोल्ड आहे, वीस लाखांना आजन्म प्लॅटिनम. युनायटेडकडे दहा लाखांना गोल्डच, आणि तिथून चाळीस लाखांपर्यंत चढत जाणाऱ्या पायऱ्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचं माप वेगळं: १४,००० स्टेटस क्रेडिटला आजन्म गोल्ड आणि ७५,००० ला आजन्म प्लॅटिनम. दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की प्लॅटिनम कुणी मिळवावं अशी कंपनीची फारशी इच्छा नसावी, अशी शंका येते.

दहा लाख मैल म्हणजे किती, ते आपल्या हिशेबात बघू. मुंबई ते न्यूअर्क साधारण ७,८०० मैल, जाऊन-येऊन १५,६००. म्हणजे चौसष्ट फेऱ्या. कोथरूडची आई न्यू जर्सीच्या लेकीच्या बाळंतपणासाठी जाते, असं समजा. एका लेकीची दोन बाळंतपणं धरली तरी बत्तीस लेकी लागतील, आणि सगळ्या न्यू जर्सीतच द्यायला हव्यात. किलोमीटरमध्ये हेच अंतर सोळा लाख होतं. तेवढ्यात चंद्रावर जाऊन परत येणं दोनदा होतं. नील आर्मस्ट्राँग एकदाच जाऊन आला तर त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात छापलं. आपला माणूस दोनदा जाऊन येतो, आणि त्याला विमानात इतरांच्या आधी चढू देतात.

ताशी पाचशे मैलांनी गेलं तरी हे दोन हजार तास होतात. त्र्याऐंशी दिवस आणि त्र्याऐंशी रात्री, पट्टा बांधून. सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहण्याचा वेळ यात धरलेला नाही.

साडूंना तोही वेळ कमीच वाटतो. मागच्या डिसेंबरात एका शनिवारी ते शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि संध्याकाळी परत आले. काम काही नव्हतं. वर्षाचा हिशेब पुरा व्हायला थोडं कमी पडत होतं, एवढंच. या प्रकाराला मायलेज रन म्हणतात आणि तो करणारे पुष्कळ आहेत. मी फोनवर विचारलं, "सॅन फ्रान्सिस्कोत काय पाहिलंत?" ते म्हणाले, "गेट." मला वाटलं गोल्डन गेट. ते बोर्डिंगचं गेट होतं.

या सोन्याचा झगमगाट मला एकदा जवळून पाहता आला. साडू सुट्टीवर आले होते आणि आम्ही दोघं एका लग्नासाठी मुंबईहून दिल्लीला निघालो होतो. त्यांच्या कंपनीची इथल्या एका विमान कंपनीशी भागीदारी असल्यामुळे गोल्ड इथेही चालत होतं. "या, तुम्हाला लाउंज दाखवतो," असं म्हणून ते मला वर घेऊन गेले. लाउंजच्या दाराशी पार एस्कलेटरपर्यंत रांग. आमच्या पुढे हाफ पँट आणि स्लिपर घातलेला एक पोरगा उभा होता. त्यानं बँकेचं कार्ड पुढे केलं, काउंटरवरच्या मुलीनं ते मशीनमध्ये घातलं, दोन रुपये कापले गेले, पोरगा आत. साडूंनी फोनवर गोल्ड कार्ड उघडलं, ते स्कॅन होईना, मुलगी साहेबांना विचारायला आत गेली. मी माझं बँकेचं कार्ड दिलं. दोन रुपये. साडू आत आले तोवर माझा उपमा अर्धा झाला होता. त्यांना पावभाजी मिळाली, पण पाव संपले होते.

विमानात अर्थात ते माझ्या आधी चढले. आधी चढण्यातलं सुख असं की उरलेलं सगळं विमान तुमच्या कोपराला बॅग घासत जातं आणि तुम्ही ते बसून पाहता. दिल्लीला उतरल्यावर पट्ट्यापाशी उभे राहिलो. त्यांच्या बॅगेला प्रायॉरिटीचा भलामोठा टॅग होता. माझी बॅग आली. स्लिपरवाल्याची आली. दोन ट्रॉल्या भरून कुणाचे तरी आंबे आले. मग पट्टा थांबला, पुन्हा सुरू झाला आणि प्रायॉरिटीची बॅग एकटीच, सावकाश, टॅग हलवत आली.

मी म्हटलं, "तक्रार करा."

साडू म्हणाले, "नको." त्यांना रब्बी गिन्सबर्ग ठाऊक आहेत.

गिन्सबर्ग हे मिनेसोटातले ज्यू धर्मगुरू, नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे प्लॅटिनम सभासद. २००८ साली कंपनीनं त्यांचं सभासदत्व रद्द केलं. कारण त्यांनी काही महिन्यांत चोवीस वेळा तक्रार केली होती. त्यातल्या नऊ तक्रारी बॅग पट्ट्यावर उशिरा आल्याच्या. ते कोर्टात गेले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१४ साली सगळ्या न्यायमूर्तींनी एकमतानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. तोवर नॉर्थवेस्ट स्वतःच डेल्टामध्ये विरघळून गेली होती. म्हणजे रब्बींचं प्लॅटिनम गेलं आणि ज्या कंपनीनं ते काढून घेतलं तीही गेली. उरला तो निकाल.

त्याच वर्षी शिकागोच्या अपील न्यायालयात आणखी एक दावा निकालात निघाला. युनायटेडनं उडून दहा लाख मैल पुरे केलेल्या एका प्रवाशाचं म्हणणं होतं, मला ज्या आजन्म सवलती कबूल केल्या होत्या, त्या काँटिनेंटल एअरलाइन्सशी विलीनीकरण झाल्यावर कमी केल्या. कोर्टानं योजनेचे नियम पाहिले. ते हवे तेव्हा बदलण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवला होता. प्रवासी हरला.

रोख पैसे मोजणाऱ्यांचीही सुटका नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली एअरपास काढला होता: अडीच लाख डॉलर एकरकमी भरा आणि जन्मभर पहिल्या वर्गानं हवं तिथे, हवं तेवढं उडा. शिकागोच्या स्टीव्हन रॉथस्टीन यांनी तो १९८७ साली घेतला, पुढे दीड लाख भरून शेजारची सीटही घेतली, आणि दहा हजारांहून जास्त वेळा उडाले. या माणसापायी आपलं दोन कोटींहून जास्त डॉलरचं नुकसान झालं, असा हिशेब कंपनीनं मांडला. २००८ च्या डिसेंबरात ओहेअर विमानतळावर त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं गेलं: पास रद्द. शेजारच्या सीटसाठी खोट्या नावानं बुकिंग केलं, असा कंपनीचा आरोप होता. खरं-खोटं कोर्टात गेलं. जन्म मात्र त्या दिवशी, अर्ध्यातच, संपला.

आपल्याकडे तर सभासदाला काढायचीही गरज पडली नाही. किंगफिशरची विमानं २०१२ साली जमिनीवर आली, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ ला, आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली. जेटचे मैल दुसऱ्या नावानं जिवंत राहिले. पण विमानंच नसताना प्लॅटिनम माणसानं कोणाच्या आधी आणि कशात चढायचं? आणि कंपनी धडधाकट असली तरी माप बदलतंच. ब्रिटिश एअरवेजनं १ एप्रिल २०२५ पासून अंतर आणि वर्ग पाहणं सोडून तिकिटावर किती पौंड खर्चले ते मोजायला सुरुवात केली. ज्यांनी इतकी वर्षं स्वस्तात लांब जायची विद्या कमावली होती, त्यांना आता महागात जवळ जायला शिकावं लागतंय.

मराठी माणसाला यात नवं काय? आपल्या प्रत्येक घरात एखाद्या नियतकालिकाच्या आजीव वर्गणीची पावती असते. वडिलांनी भरलेली, पिवळी पडलेली, वर संपादकांची सही. नियतकालिक बंद पडून जमाना झाला. आजीव सभासद अजून ठणठणीत आहेत आणि रोज फिरायला जातात. आजीव म्हणजे दोघांपैकी जो आधी जाईल त्याच्यापुरतं, हे आपण केव्हाच शिकलो आहोत. फरक इतकाच की संपादकाला निदान वाईट वाटायचं.

या सगळ्या धंद्यात कंपनीवर मात केलेला एक माणूस मला माहीत आहे. डेव्हिड फिलिप्स, कॅलिफोर्नियातला सिव्हिल इंजिनियर. १९९९ साली एका खाद्यपदार्थ कंपनीनं डब्यांवरचे बारकोड पाठवणाऱ्यांना विमानाचे मैल देऊ केले. फिलिप्सनं हिशेब केला आणि सर्वांत स्वस्त जिन्नस शोधून काढला: पंचवीस सेंटची पुडिंगची वाटी. त्यानं १२,१५० वाट्या घेतल्या. एवढी लेबलं सोलणार कोण? त्यानं पुडिंग साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला दान दिलं. त्या बदल्यात तिथल्या लोकांनी लेबलं सोलून दिली, वर दानाबद्दल करसवलतही पदरात पडली. सुमारे ३,१४० डॉलरमध्ये त्याच्या खात्यात साडेबारा लाख मैल जमा झाले. त्या काळी अमेरिकनकडे कुठूनही आलेले मैल आजन्म दर्जासाठी धरले जायचे. गृहस्थ पुडिंगच्या बळावर तहहयात गोल्ड झाला. २०११ च्या डिसेंबरात अमेरिकननं ही खिडकी बंद केली. आता प्रत्यक्ष उडावं लागतं.

मग या मागे लागावं की नाही? माझं मत असं. तिकिटाचे पैसे साहेब देत असेल आणि दर सोमवारी उडण्यावाचून सुटका नसेल, तर सगळे मैल एकाच कंपनीत टाका आणि मिळेल ते गोल्ड खुशाल घ्या. जादा बॅग हा त्यातला एकच भरवशाचा लाभ आहे. भाजणी, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी मावते. शेवटचे थोडेच मैल उरले असतील तर एखादी फेरी जास्त मारा, कोणी हसणार नाही. पण स्वतःच्या खिशातून केवळ मैलांसाठी उडू नका. ज्या दिवशी कंबर धरेल त्या दिवशी त्याच पैशांनी पुढच्या वर्गाचं तिकीट काढा. लाउंज, जादा बॅग, आधी चढणं, सगळं त्यात येतं, आणि पाय पसरायला जागाही मिळते, जी गोल्डला नशीब असेल तरच मिळते.

युनायटेडकडे तर आणखी स्वस्त मार्ग आहे. तिथे दहा लाख मैलवाल्याला आपला दर्जा जोडीदारालाही देता येतो. म्हणजे मैल काढणाऱ्या माणसाशी लग्न केलं की काम झालं. मेहुणीला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "सोमवार ते गुरुवार घर शांत असतं, मला तेवढा लाभ पुरे आहे."

आणि आधी चढण्याचीच हौस असेल तर धीर धरा. गेल्या खेपेला साडू सासूबाईंना शिकागोला घेऊन गेले. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, म्हणून व्हीलचेअर मागितली होती. गेटवर घोषणा झाली ती आधी व्हीलचेअरवाल्यांची. सासूबाई गेल्या, त्यांच्यामागे तशाच वीस-पंचवीस आज्या आणि आजोबा गेले, आणि गोल्डचं नाव पुकारलं गेलं ते त्यानंतर. सासूबाईंनी आयुष्यात एकही मैल मोजलेला नाही. वय झालं की हा मान आपोआप मिळतो, कंपनी बुडाली तरी दुसरी कंपनी तो देते, आणि अजून तरी कोणत्याही कोर्टानं तो काढून घेतलेला नाही. तेव्हा मैल सोडा, गुडघे जपा.