बरणी परत करा

विकतची भेटवस्तू दिली की विषय संपतो. घेणारा "कशाला एवढं?" म्हणतो, देणारा "त्यात काय!" म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात तीच वस्तू नव्या कागदात गुंडाळून तिसऱ्याच कुणाच्या वास्तुशांतीला जाते. कुणाचं काही अडत नाही. लेमन सेटचा एक खोका आमच्या नात्यात गेली कित्येक वर्षं असा फिरतो आहे. त्यातले ग्लास कुणी पाहिले असतील असं मला वाटत नाही. घरी केलेली भेट मात्र दिल्यानंतर सुरू होते. ती फेकता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, आणि "कशी झालीय?" या प्रश्नातून सुटका नसते.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत हा प्रश्न विचारण्याचा मक्ता अक्कांकडे आहे.

अक्का मूळच्या सांगलीकडच्या. इमारतीत नात्याने त्या कुणाच्याच अक्का नाहीत, म्हणून सगळ्यांच्या आहेत. सत्तरीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यांना जिना चढताना पाहून सांगता येत नाही, कारण त्यांच्या हातात कायम काहीतरी झाकलेलं असतं आणि बघणाऱ्याचं सगळं लक्ष त्या झाकणाकडे. बाजारातून आलेल्या कुठल्याही जिनसेला त्या "विकतचं" म्हणतात, ते "सावत्र" म्हणावं तसं. "घरी होतं की!" हे त्यांचं दुसरं वाक्य. मेतकूट घरी होतं, उटणं घरी होतं, वाती घरी होतात, आकाशकंदील घरी होतो. एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा त्यांनी मेकॅनिकच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण तात्यांच्या पोटात गोळा आला.

तात्या म्हणजे त्यांचे यजमान. बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त. अक्कांचा हा सगळा खटाटोप काटकसरीसाठी आहे असा इमारतीत एक भाबडा समज होता, तो तात्यांनीच मोडला. एका दिवाळीआधी त्यांनी घरच्या उटण्याचा हिशेब मांडला. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, मुलतानी माती. हे आणायला दादरच्या दोन फेऱ्या, कारण पहिल्या फेरीत आणलेला कचोरा "तो नव्हे". मग गिरणीवाल्याने मसाल्याच्या जात्यात उटणं दळायला नकार दिल्यामुळे झालेला मिक्सरचा खर्च. दुकानात जी पुडी चहाच्या किमतीत मिळते, ती घरी जेवणाच्या किमतीत पडत होती. तात्यांनी तो कागद सही करून अक्कांसमोर ठेवला. अक्कांनी तो उलटा केला आणि पाठीवर पुढच्या सामानाची यादी लिहून त्यांच्याच हातात दिला.

कच्चा माल मात्र इमारत पुरवते. हिवाळ्यात संत्री खाल्ली की साल टाकायची नाही. ती अक्कांच्या गच्चीतल्या चादरीवर वाळत घालायची, कारण ती पुढच्या दिवाळीच्या उटण्यात जाते. नारळाची करवंटी, लग्नाच्या पत्रिका, आइसक्रीमच्या काड्या, जुन्या सुती साड्या, हे सगळं दारातल्या दारात जप्त होतं. साड्यांची गोधडी होते. मी एका रविवारी ते काम जवळून पाहिलं आहे. खाली जुनं नऊवारी, मध्ये फाटक्या कपड्यांचे थर, वर पुन्हा मऊ झालेलं लुगडं, आणि कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा. टाके इतके एकसारखे की मोजपट्टी लावून घातल्यासारखे वाटावेत. अक्का ते घालताना चष्मा कपाळावर ठेवून टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेला शिव्या देत होत्या. खरं सांगतो, तेवढ्या वेळापुरता मला त्यांच्याविषयी निखळ आदर वाटला. मग त्यांनी मान वर न करताच विचारलं, "तुझा तो निळा शर्ट अजून किती दिवस घालणार आहेस?"

क्रोशाचं प्रकरण जरा वेगळं. एके काळी रेडिओवर रुमाल असे, मग टीव्हीवर आला, फोनवर आला. पुढे टीव्ही भिंतीला चिकटला, फोन खिशात गेला आणि अक्कांची सुई बेकार झाली. त्यांनी नव्या यंत्रांचा अभ्यास केला आणि वायफायच्या पेटीला लोकरीची कुंची विणली. झालरीची, वर दोन अँटेनांसाठी दोन भोकं. आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या पेट्यांना त्या कुंच्या आहेत. पेटी तापून बंद पडली की मुलं कुंची काढतात, आणि बेल वाजली की आधी कुंची घालतात, मग दार उघडतात.

पण अक्कांच्या साम्राज्याचा खरा आधार म्हणजे बरणी.

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्याने ही रीत पाडली त्याने अक्कांसारखी शेजारीण पाहिली नसावी. त्यांच्याकडून मोरावळ्याची बरणी येते. झाकणावर तारीख आणि खाली ठळक अक्षरांत "बरणी परत करा". बरणी ठरलेल्या मुदतीत रिकामी व्हायला हवी, नाहीतर "आवडला नाही वाटतं?" रिकामी झाली की तिच्यात काहीतरी घालून परत करायला हवी. विकतची शेव घातली, तर अक्का बोटांत एक काडी धरून उजेडात बघतात आणि "बरी आहे हो" म्हणतात. या "बरी"ने आमच्याकडे दोन जेवणं अबोल्यात गेलेली आहेत. शेवटी बायकोने डोकं चालवून नुसती साखर भरून बरणी पाठवली. साखरेला काय नाव ठेवणार? तीच साखर महिन्याभरात साखरांबा होऊन, त्याच बरणीतून, नवी तारीख लावून परत आली.

अक्कांकडे 'रुचिरा'ची जुनी प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्याने नव्या नवऱ्यांची सोय केली. अक्का ते ऑडिटरच्या नजरेने वाचतात. ही सवय बहुधा तात्यांकडून लागलेली. समासात पेन्सिलीने शेरे आहेत: "गूळ वाढवणे", "इतका वेळ नको", एका ठिकाणी नुसतंच "नाही". आणि कपाटात सगळ्यात वर, सासूकडून आलेलं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया'. ते मूळ १९१० सालचं. त्यात मात्र एकही शेरा नाही. त्याला हात लावण्याआधी अक्का पदराला हात पुसतात.

मेतकुटाची त्यांची शिस्त तर जगप्रसिद्ध, म्हणजे न्यू जर्सीपर्यंत. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथी, मोहरी, जिरं हे सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर मेथी जळते आणि तांदूळ कच्चा राहतो, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मीही चव पाहून सांगतो. पण इमारतीतलं कुणाचं पोर अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री अक्का मेतकुटाची पिशवी आणि गोधडी घेऊन हजर. तेवीस किलोंच्या बॅगेतून मग पोराचे बूट बाहेर निघतात. एका मुलाने धीर करून म्हटलं, "अक्का, तिकडे दुकानात मिळतं हो मेतकूट." अक्का एवढंच म्हणाल्या, "मिळत असेल. ज्यांचं कुणी नसतं त्यांना लागतं ते." बूट बाहेर राहिले.

पुतणीच्या लग्नातलं रुखवत आठवलं की तात्या आजही खोलीबाहेर जातात. नारळाच्या शेंड्यांचे भटजी झाले, सुपाऱ्यांचे वाजंत्री झाले, कापसाचं तुळशीवृंदावन झालं. मुख्य आकर्षण म्हणजे सप्तपदीची सात पावलं, प्रत्येक पाऊल वेगळ्या कडधान्याने पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. तयारी अक्कांच्या स्वभावाप्रमाणे फार आधी झाली होती. मधे पावसाळा गेला. लग्नाच्या दिवशी वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला वाकल्या, तर मुगाचं तिसरं पाऊल खरोखरच चालायला लागलेलं. वराच्या आत्याबाई दोन हात मागे सरकल्या. अक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "औषध न मारलेले मूग आहेत. विकतच्या रुखवतात भुंगासुद्धा जगत नाही."

या जानेवारीत नातवाचं बोरन्हाण होतं. हलव्याचे दागिने दुकानात तयार मिळतात, हे सुनेने अतिशय हळू आवाजात सुचवून पाहिलं. त्याचं उत्तर म्हणून अक्कांनी हलवा करायला घेतला. काटेरी हलवा हा पदार्थ थंडी मागतो. कोरडी थंडी. सांगलीला ती पहाटे फुकट मिळत असे. डोंबिवलीत खाडीचा दमटपणा, पाक सुकायचं नाव घेईना, काटा कुठला यायला! पहिला दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी मुलाची एसीची खोली ताब्यात घेतली.

मुलगा, सून आणि उत्सवमूर्ती हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले. आत एसी अठरावर, जमिनीवर विजेची शेगडी मंद लावलेली, तिच्यावर पितळी परात, परातीत भाजलेला साबुदाणा. बाजूला एकतारी पाक, दूध घालून मळी काढून पांढराशुभ्र केलेला. अक्का चमचाभर पाक सोडणार आणि बोटांच्या टोकांनी साबुदाणा गोल गोल फिरवणार. तो सुकला की पुढचा चमचा. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर पिवळे पडतात. हात थांबला तर सगळंच बसतं. अक्कांच्या बोटांना चटके बसले की परात तात्यांकडे. तात्या स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून भर मुंबई इलाख्यात काश्मीरच्या ठाण्यावरच्या जवानासारखे बसलेले. कढत परात आणि वरून गार झोत. त्यांचे तळहात घामेजलेले आणि नाक गळत होतं. हे असं तीन रात्री चाललं.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला "आला! आला!" अशी आरोळी उठली. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं चोर आला. त्यांनी वॉचमनला फोन केला. वॉचमन काठी घेऊन वर आला. अक्कांनी त्याच्या तळहातावर चार दाणे ठेवले आणि टॉर्च मारून दाखवला: प्रत्येक दाण्याला बारीक, टोकदार, एकसारखा काटा. त्या क्षणी कुणीही मान्य केलं असतं की असा हलवा दुकानात नसतो. वॉचमनने दाणे तोंडात टाकले. "कसा झालाय?" अक्कांनी विचारलं. तो हुशार माणूस, "गावाकडच्यासारखा" म्हणाला. त्याला पुडी बांधून मिळाली.

मग दोन दिवस एकेक दाणा दोऱ्याने बांधून मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. काळ्या झबल्यावर ते पांढरे दागिने इतके शोभले की फोटोवाला स्वतःहून पुढे सरकला. नातवाने पहिल्याच मिनिटाला बासरी खाल्ली. सून ओरडली. अक्का म्हणाल्या, "खाऊ दे. विकतची असती तर थुंकली असती."

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरीवाली, सकाळी जातात, रात्री येतात. अक्कांनी रिवाजाप्रमाणे गुळांब्याची बरणी पोचवली. आठ दिवसांनी ती मुलगी बरणी घेऊन वर आली. लखलखीत घासलेली आणि रिकामी! "थँक यू अक्का, फार छान होता." जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा तिघांचा श्वास अडकला. अक्कांनी बरणी उजेडात धरली, झाकणाच्या आट्यांतून बोट फिरवलं, वास घेतला. "आठ दिवसांत संपवली?" "हो, पोळीशी रोज." अक्कांनी आमच्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी वर्णन करणार नाही. तेव्हापासून त्या मुलीच्या दारात बरण्यांची रीघ लागली आहे. फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही, असं तिचा नवरा गेटवर सांगत होता.

तिलाही मग कुणीतरी रीत सांगितली असावी. मागच्या रविवारी ती बरणी भरून घेऊन आली. आत लसणाची चटणी. अक्कांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले. उखळात कुटलेली, खोबरं खमंग भाजलेलं, तिखट बेताचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या "बरी" म्हणाल्या नाहीत.

"पोरी, ही घरची आहे. कुणी केली? आईनं?"

"नाही अक्का, एक बाई घरी करतात. ऑर्डर केली की कुरिअरने पाठवतात."

अक्का गप्प झाल्या. चटणी घरची होती यात शंका नव्हती, आणि पैसे देऊन आली होती यातही नव्हती. पुन्हा एक चिमूट घेतली. तात्या पेपर खाली करून बघायला लागले.

"त्यांची बरणी मागतात का परत?"

"नाही, ती आपल्यालाच."

"मग विकतचीच," अक्का म्हणाल्या, आणि उरलेली चटणी काढून घेऊन त्याच बरणीत तिच्यासाठी लिंबाचं लोणचं भरायला आत गेल्या.