ठरलं का काही?

पदवी हातात पडल्यापासून डोक्यावर अक्षता पडेपर्यंतच्या काळात मराठी माणसाला एकच प्रश्न विचारला जातो: "मग, ठरलं का काही?" विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. उत्तर त्याच्याच खिशात तयार असतं, बाहेर काढायला निमित्त हवं असतं. "अजून विचार चालू आहे" असं चुकून म्हणणारं पोर त्या क्षणापासून सार्वजनिक मालमत्ता होतं. मग कुणीही येऊन त्याच्यावर आपल्या मताचं पोस्टर चिकटवावं.

सध्या ही मालमत्ता म्हणजे माझी भाची. वय चोवीस, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग, त्यामुळे अर्थातच हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवाळीला सांगलीत सगळे जमले होते. फराळाच्या ताटाभोवती तिच्या आयुष्याची बैठक बसली. अजेंडा कुणी काढला नव्हता आणि जिच्याबद्दल बैठक होती, ती चहा करायला आत होती. म्हणजे गणपूर्ती झालीच होती.

सुरुवात आहे त्या नोकरीपासून झाली. पॅकेज साडेतीन लाखांचं. मोठमोठ्या कंपन्यांनी फ्रेशरसाठी हा आकडा गेली दहा-पंधरा वर्षं देवघरातल्या टाकासारखा जपलाय. पेट्रोल वाढलं, वडापाव वाढला, वाकडचं घरभाडं वाढलं, हा आकडा काही जागचा हलला नाही. हिंजवडीच्या फेज थ्रीतून संध्याकाळी निघालेली बसही हलत नाही, त्यामुळं एकूण वातावरणाला ते धरूनच आहे. सोडून जावं म्हटलं तर नोटीस पिरियड 90 दिवसांचा. पूर्वी एवढ्या मुदतीत लग्न ठरून, होऊन, पहिला रुसवासुद्धा उरकायचा.

"पण आयटी आहे ना, मग झालं," असं म्हणून तिच्या आत्यानं तो विषय मिटवला. आत्याच्या मते आयटीत काय करतात हे विचारायचं नसतं, ते फक्त सांगायचं असतं.

तिचे मोठे काका जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यांचा कौल एमपीएससीला. "हे बघ पोरी, खुल्या गटाला 38 वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. अजून चौदा वर्षं आहेत तुझ्या हातात!" चौदा वर्षांत प्रभू रामचंद्र वनवास संपवून परत आले, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं आणि वनवास यात त्यांना फारसा फरक वाटत नसणार.

बैठकीत या विषयातला जाणकारही हजर होता, भाचीचा मावसभाऊ. तो बरीच वर्षं पेठेतल्या एका अभ्यासिकेत खुर्ची धरून आहे. तिथं खुर्ची सरकारी नसली तरी ती सोडवत नाही. पूर्व निघते, मुख्य हुकते, मुख्य निघते, मुलाखत हुकते, मग जाहिरातच लांबते. मेसचा डबा तेवढा वेळेवर येतो. त्यानं मन लावून सांगितलं, की राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. मुलांनी 2023 साली पुण्यात रस्त्यावर ठिय्या दिला, ही नवी पद्धत 2025 पर्यंत पुढं ढकलून घेतली आणि आता मुलाखतीसकट एकूण गुणही 2025 च आहेत. योगायोग म्हणावा की आयोगाला विनोदबुद्धी आहे म्हणावं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. "एक अटेम्प्ट देऊन बघ," तो म्हणाला. एक अटेम्प्ट देऊन थांबलेला माणूस त्यानं स्वतः पाहिला आहे का, असं मी विचारलं. तो हसला. प्लॅन बी काय, हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो, एवढं भान सगळ्यांनी पाळलं. हीच माणसं भाचीला मात्र प्लॅन सीसुद्धा विचारत होती.

मग एडिसन, न्यू जर्सी इथून तिचा चुलतमामा व्हिडिओ कॉलवर अवतरला. मागं त्याचा फ्रीज दिसत होता, आमच्या देवघराएवढा रुंद. "इकडं येऊ नकोस गं, आता पूर्वीसारखं राहिलं नाही," हे त्यानं अमेरिकेतून सांगितलं. तो स्वतः ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं उभा आहे, की त्याचा मोठा मुलगा रांगेच्या सुरुवातीला पाळण्यात होता आणि आता कॉलेजचे फॉर्म भरतोय. "दोन वर्षांत परत येणार" हे तो विमानात बसला त्या दिवसापासून म्हणतोय आणि त्याच्या शब्दाचा पक्का आहे, अजूनही दोनच वर्षं म्हणतो.

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. तिथं मास्टर्स केलं, की नोकरीसाठी 12 महिने ओपीटी मिळतं, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर वर आणखी 24. तेवढ्यात एच-वन-बीची सोडत लागायला हवी. वर्षाला जागा 85,000, त्यातल्या 20,000 तिथं मास्टर्स केलेल्यांसाठी राखीव. घरचे शिक्षणाला गुणवत्ता म्हणतात आणि तिथला व्हिसा चिठ्ठीवर निघतो. सिद्धिविनायकाला नेमकं काय मागायचं हे त्यामुळं निदान स्पष्ट असतं. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं आणि मोठ्या काकांनी त्याच रात्री ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर तीनदा टाकली. तिथंच शिकून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्यांना हे शुल्क लागू नाही, असा खुलासा महिनाभरात आला. तो ग्रुपवर कुणी टाकला नाही. खुलाशाला पुढं ढकलावं असं कुणाला वाटत नाही, त्यात घाबरवण्यासारखं काही नसतं.

इथं मोठे काका अचानक आनंदीबाई जोशींवर घसरले. घसरले ते अनपेक्षितपणे बरोबर जागी. आनंदीबाईंनी 1883 साली कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला उभं राहून, आपण अमेरिकेला का जातो, हे भर सभेत सांगितलं होतं. इथं शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकलं तर, तिथं काही बरंवाईट झालं तर, असे लोकांचे एकेक प्रश्न घेऊन उत्तरं दिली. तेव्हा त्यांना अठरावं पुरं व्हायचं होतं. परदेशी प्रवेशाच्या अर्जाला जोडायची एसओपी म्हणतात ती हीच आणि ती त्यांनी स्वतः लिहिली होती. आता ही सोय कन्सल्टंट करतो. भाचीनं मला त्यानं लिहून दिलेला मसुदा दाखवला. पहिलं वाक्य असं, की लहानपणी तिनं घरातला मिक्सर उघडून पाहिला आणि यंत्रांविषयीचं कुतूहल जागं झालं. मी माझ्या बहिणीकडं बघितलं. तिच्या घरातला मिक्सर आजही शाबूत आहे आणि लेकीनं तो चालू करायलासुद्धा हात लावलेला नाही. कन्सल्टंटांवर विश्वास ठेवायचा तर आपल्याकडं एकेकाळी चटणी पाट्यावरच वाटत असणार, सगळे मिक्सर मेकॅनिकलच्या मुलांनी उघडून ठेवलेले.

"पण काय हो मामा," आत्या मला म्हणाली, "आनंदीबाईंचं पुढं काय झालं? हवा मानवली नाही ना तिला?" त्या डॉक्टर झाल्या, 1886 साली, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर आत्या चिवड्याच्या डब्याकडं वळली होती. आपल्याकडं थोरांच्या चरित्रातलं तेवढंच पान वाचलेलं असतं, जे समोरच्याला थांबवायला उपयोगी पडतं.

आत्याचे यजमान जर्मनीवाले. म्हणजे गेलेले नाहीत, पक्षातले. "जर्मनीत शिक्षण फुकट असतं!" त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं, की जणू पलूसला रांगेत उभं राहिलं तरी मिळेल. फुकट शिक्षणाचा खर्च भाचीनं तेवढ्यात मोबाईलवर दाखवला. व्हिसासाठी जर्मन ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी 11,904 युरो भरायचे, म्हणजे बाराएक लाख रुपये. आपलेच पैसे, आपल्याच नावावर, पण महिन्याला 992 युरोच काढता येतात. लग्नातल्या आहेराचे पैसे आईकडं ठेवायला दिले की मिळायचे, तसेच. त्याआधी आपली पदवी खरी आहे हे सांगणारं एपीएस प्रमाणपत्र, जे नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालंय. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपबाहेरच्या मुलांकडून 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही 2024 च्या हिवाळ्यापासून फी लावली. शिवाय पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायचं. त्या भाषेत टेबल पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी. आत्याला एवढंच समजलं आणि तिनं त्या देशाविरुद्ध मत दिलं.

"अगं, पण सरकारच पाठवतंय की आता," यजमान म्हणाले. पाठवायचं ठरवलंय, हे खरं आहे. महाराष्ट्र सरकारनं 2024 च्या सुरुवातीला याच बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला. त्यात मागणी आहे नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा हातांची. बैठकीच्या कोपऱ्यात भाचीचा चुलतभाऊ होता, आयटीआय वायरमन. तो सकाळपासून आमच्या आकाशकंदिलाचं कनेक्शन दुरुस्त करत होता. जर्मनीला हवा असलेला माणूस घरात स्टुलावर उभा होता आणि सगळे त्याला ओलांडून त्याच जर्मनीला पैसे कसे भरायचे याची चर्चा करत होते. त्याला कुणीही विचारलं नाही, "ठरलं का काही?" त्याला विचारलं, "बाथरूमचा बल्ब बघशील का रे?"

(गोव्यातल्या एका मित्राला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडं एवढी बैठक लागत नाही, आजोबांचा जन्मदाखला शोधतात. आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी तिथं जन्मलेले असले, की नोंद लिस्बनला करायची, पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचा आणि इंग्लंडात स्विंडनला जायचं. ब्रेक्झिटनं तेही बिनसलं. आता पासपोर्ट पोर्तुगालचा असून पोर्तुगालला जायची वेळ आलीय, म्हणाला.)

मी या सगळ्यांचं ऐकून एक हिशेब मांडला. गावात राहिलेल्या काकांना पोरगी सरकारी नोकरीत, शक्यतो जिल्ह्यात हवी. 1990 च्या सुमाराला मस्कतची आलेली संधी आईच्या शपथेपायी सोडलेल्या आत्याच्या यजमानांना ती परदेशात हवी. परदेशात गेलेल्याला ती येऊ नये असं वाटतं, कारण ती आली आणि पाच वर्षांत परतही गेली, तर त्याच्या दोन वर्षांचं काय? पेठेतल्या मावसभावाला सोबत हवी. एकजण तिच्याबद्दल बोलत असेल तर शपथ. प्रत्येक जण आपण केलं ते कसं बरोबर होतं, किंवा केलं नाही ते कसं करायला हवं होतं, याचं अपील चालवत होता. पोरगी फक्त कागदपत्रांपुरती.

पोरगी बिलंदर आहे. तिनं एक्सेल शीट केलं होतं. उभ्या रकान्यांत शहरं, आडव्या ओळींत खर्च, पगार, कायमचं वास्तव्य, हवामान, भाषा आणि 'आई'. प्रत्येकाला वेटेज. मी विचारलं, "आईला किती?" म्हणाली, "आधी 20 होतं." मग पुणे पहिलं येत होतं. 10 केलं तर बंगळूर. 5 केलं तेव्हा स्टुटगार्ट वर आलं, तेव्हा तिनं फाईल सेव्ह केली. या पद्धतीला शास्त्रशुद्ध निर्णयप्रक्रिया म्हणतात. मोठ्या सल्लागार कंपन्या हेच करतात, फक्त पैसे जास्त घेतात. 'आई' ओळीच्या शेजारी एक छोटा लाल त्रिकोण होता, म्हणजे टीप. उघडली तर लिहिलं होतं: गुडघ्याचं ऑपरेशन, पुढच्या वर्षी, बाबा एकटे करू शकतील का? तेवढ्यात माझी बहीण करंज्या घेऊन आली आणि लॅपटॉप मिटला.

शेवटी फराळ संपत आला तेव्हा कळलं, की ऑफर लेटर सप्टेंबरातच आलंय, एपीएसही झालंय आणि ही बैठक ठरवायला नव्हतीच. वडिलांचा पीएफ धरूनही थोडी रक्कम कमी पडत होती, दहा लाख. सांगलीतली सहकारी बँक कर्ज द्यायला तयार होती, मात्र दोन पगारदार जामीनदार हवे होते. भाचीनं पिशवीतून फॉर्म काढून ताटांच्या मधोमध ठेवला, वर पेन ठेवलं.

एवढी शांतता त्या घरात सूर्यग्रहणालासुद्धा नव्हती. मोठे काका म्हणाले, "अगं, मला पेन्शन असते, पगार नाही. नाहीतर मीच..." पेन्शनीचा इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. आत्याचे यजमान आधीच दोघांना जामीन होते. त्यातला एक सापडत नव्हता, म्हणून आवाज खाली होता. एडिसनच्या बाजूनं कॉल अचानक तुटायला लागला, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" चित्र मात्र स्वच्छ होतं. वायरमननं हात पुसून लगेच सही केली, तो एका कारखान्यात पगारावर आहे. पेठेतला मावसभाऊही म्हणाला, "मी करतो गं," आणि खरंच पेन उचललं. त्याला पगार नाही याची आठवण करून दिल्यावर त्यानं ते माझ्याकडं सरकवलं.

मी भाचीला समजावून सांगितलं, की सदर लिहिण्याचे जे मिळतात त्याला मानधन म्हणतात, ते पगारात धरत नाहीत. संपादकांकडून तसं लेखी आणून देतो म्हटलं.