तक्रारीला नंबर देणे आहे

सोसायटीच्या तक्रारवहीचं ॲप मी फुकट करून देतो, असं मी वार्षिक सभेत म्हणालो तेव्हा समोसे आले होते आणि लोक घाईत होते, म्हणून ठराव एकमताने पास झाला. बायकोने कपाळाला हात लावला.

काम तसं किरकोळ. फक्त प्रत्येक तक्रारीला स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नाही असा नंबर हवा. आधी सरळ एक, दोन, तीन दिले. मग फ्लॅट बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने बंद लिफ्टवर चिकटवलेला ‘तक्रार क्र. ३४७’ हा कागद वाचला आणि आल्या पावली परत गेला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांवरचे ओळीने टाकलेले क्रमांक बघून दोस्तांच्या गणितज्ञांनी जर्मनीचं उत्पादन हेरांपेक्षा अचूक ओळखलं होतं, हे मी सेक्रेटरींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “रणगाडे राहू द्या, आकडा लपवा.”

मग यूयूआयडीची चौथी आवृत्ती. १२८ बिटं, त्यातली १२२ निव्वळ नशिबाच्या हवाली. दोन नंबर सारखे निघायची धास्तीच नको. पण तो लिहायला छत्तीस खुणा लागतात, आणि त्यातली बी, सी, डी, ई ही अक्षरं फोनवर एकाच आईची लेकरं वाटतात. जोशीकाका प्लंबरला नंबर सांगत राहिले, प्लंबर “बी का डी?” विचारत राहिला, आणि तेवढ्यात वरची टाकी रिकामी झाली. गळती आपोआप थांबली.

नंबरात थोडी अक्कल हवी म्हणून मी पहिल्या आवृत्तीकडे वळलो. तिच्यात वेळ असते, तीही १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगरियन कॅलेंडर सुरू झालं तिथपासून मोजलेली. आणि शिवाय ज्या यंत्राने नंबर काढला त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता. आमचं यंत्र म्हणजे दिवाणाखालचा माझा जुना लॅपटॉप. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या पोराने नंबर उलगडले आणि ग्रुपवर टाकलं की सेक्रेटरींचं पार्किंग, त्यांचा कुत्रा आणि वहिनींचं भजनी मंडळ यांच्याविरुद्धच्या एकूण एक निनावी तक्रारी एकाच लॅपटॉपच्या पोटातून निघाल्या आहेत. लॅपटॉप कोणाचा, हेही त्याने लिहिलं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी ट्विटरची २०१० सालची स्नोफ्लेक पद्धत उचलली. १०२४ यंत्रं, प्रत्येकाला एका मिलिसेकंदात ४०९६ नंबर, आणि आमच्याकडे घरं बेचाळीस! जुन्या वहीतल्या तक्रारी मी एका दमात आत ओतल्या, तेव्हा एकाच मिलिसेकंदात शंभरेक तक्रारी बसल्या आणि त्यांचे नंबर फक्त शेवटच्या आकड्यांत वेगळे निघाले. आता गंमत अशी की २ चा ५३ वा घात ओलांडला की जावास्क्रिप्टला प्रत्येक पूर्णांक नेमका धरता येत नाही, ती जवळचा धरून मोकळी होते. म्हणून तर ट्विटरनेही नंबर अक्षरांच्या रूपात द्यायला सुरुवात केली. मी आकड्यातच दिले. परिणामी छत गळो, ड्रेनेज तुंबो की वॉचमन झोपो, कुठलीही तक्रार दाबली तरी उघडायची एकच: वहिनींचा ढोलकीवाला बेसूर वाजवतो.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.

सध्या सातवी आवृत्ती चालू आहे, २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधली. सुरुवातीची ४८ बिटं वेळेची, त्यामुळे तक्रारी आपोआप रांगेत लागतात आणि डेटाबेसही खूश. नंबर लांबच आहे, पण लोकांना मीच सांगितलं, “सगळा कशाला वाचता? पहिली तीन अक्षरं सांगा, बस्स.” आजच्या तारखेला या पद्धतीचा प्रत्येक नंबर ०१९ ने सुरू होतो.

काल प्लंबर गेटवर आला. वॉचमनने इंटरकॉमवरून विचारलं, “साहेब, ०१९ वाले कोण?” बेचाळीस दारं उघडली.