प्रवेश कक्ष कसा चालवावा : नवशिक्या संस्थाचालकांसाठी

अभिनंदन! मान्यता मिळाली, गेटवर फ्लेक्स लागला, आता अभियांत्रिकीच्या जागा तेवढ्या भरायच्या राहिल्या. त्यासाठी माणसं लागतात. दुर्दैव आहे, पण लागतात.

1. नेमणूक 'प्रवेश समुपदेशक' म्हणून करा. सीईटी सेलच्या कॅप प्रवेशफेऱ्या, कागदपत्रांची पडताळणी, पालकांना फोन, महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणणं, हे सगळं 'इतर अनुषंगिक कामे' या एका ओळीत बसतं. प्राध्यापकांनाही सोडू नका. पीएच.डी. झालेल्या माणसाला मोटारसायकलवरून तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांत पिटाळा आणि दहा प्रवेशांचं टार्गेट द्या. संशोधनाची सवय असते, शोधेल.

2. करार अकरा महिन्यांचाच. पगार थकला तर 'समाजकल्याणकडून शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत' म्हणा. हे कारण बऱ्याचदा निम्मं खरं असतं, म्हणून वर्षानुवर्षं चालतं. ते ऐकणाऱ्या समुपदेशक मुलीनेच सकाळी एका बापाला समजावलेलं असतं, की उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. तिचा चेहरा पडेल. चहा सांगा. अर्धा.

3. विविधता हवीच. प्रॉस्पेक्टसच्या फोटोत सगळ्या थरांतली माणसं पुढच्या रांगेत उभी करा आणि प्रवेश समितीत मेहुणे बसवा. महिलांना प्राधान्य द्या, स्वागतकक्षात. टेबलावरच्या पोराला जातवैधता, टीएफडब्ल्यूएसची फी-माफी, नॉन-क्रिमीलेअरची 31 मार्चची मुदत, सगळं तोंडपाठ असतं. दिवसभर तो दुसऱ्यांचे प्रवर्ग तपासतो. त्याच्या कंत्राटी खुर्चीच्या आरक्षणाची बिंदुनामावली तपासायला कोणी येत नाही. आपणही कशाला विषय काढा?

4. आता खरा कळीचा मुद्दा : माणूस टिकवायचा कसा? मार्ग दोन, पगारवाढ आणि गोदरेजचं कपाट. पहिल्याबद्दल नंतर कधीतरी बोलू. दुसरा असा : रुजू होतानाच मूळ गुणपत्रिका आणि डिग्री 'पडताळणीसाठी' जमा करून घ्या, पोच देऊ नका आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या पुतण्याकडे ठेवा. माणूस राजीनामा घेऊन आला की पुतण्या नेमका लग्नाला गेलेला असावा. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवू नका, असं यूजीसीने 2018 मध्ये बजावलंय खरं. पण तुमचा माणूस विद्यार्थी थोडाच आहे? उलट तोच रोज काउंटरवर पालकांना सांगत असतो, 'काळजी नको काका, ओरिजिनल तपासून लगेच हातात देतो.' त्याच्या पाठीमागेच कपाट असतं.

5. एवढं करूनही माणसं जातात. ऐन हंगामात, दुसऱ्या कॅप फेरीच्या आदल्या दिवशी, ती पोरगी समोरच्या कॉलेजात रुजू होते आणि पालकांचे सगळे नंबर तिच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतात, कारण ऑफिसचा मोबाइल आपण दिलाच नव्हता. 'आजकालच्या पिढीत निष्ठा राहिली नाही' असं स्टाफ मीटिंगमध्ये म्हणा, मेहुणे माना डोलावतील. मग लगेच पेपरात जाहिरात द्या : 'पाहिजेत प्रवेश समुपदेशक. अनुभव किमान 5 वर्षे. पगार मुलाखतीत ठरेल. प्रवासखर्च मिळणार नाही. येताना मूळ कागदपत्रे सोबत आणावीत.'