जावा, पायथॉन आणि आमचं घर

अक्का, जरा भिंतीजवळ या की. काल रात्री आमच्यात आरडाओरडा ऐकलात ना? वाटणीचं भांडण नव्हतं ओ, पोरांचं होतं, कॉम्प्युटरच्या भाषांवरून. थोरला हिंजवडीहून हुतात्मा एक्सप्रेसनं आला, बॅग ठेवायच्या आत धाकट्याशी जुंपली. थोरला जावावाला, धाकटा दिवसरात्र पायथॉन. हा म्हणायलाय, "पायथॉन म्हणजे पोरखेळ, नुसतं रांगतंय." तो म्हणतो, "तुझ्या जावात साधा नमस्कार छापायला पाच ओळी, माझ्यात एक!"

त्यात ह्यांनी पेपर खाली ठेवून तोंड घातलं. "सी येत नाही तो प्रोग्रामरच नव्हे." झालं! 1972 सालची ती सी. ह्यांनी कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर शिकली, पुन्हा कधी हात लावला नाही. पण ताठा बघा!

ऐकून ऐकून मलाबी कळायलंय थोडं. पायथॉन आली 1991 ला, जावा 1995 ला. म्हणजे वयानं पायथॉनच थोरली, अन् आमचा थोरला तिलाच कालची पोर म्हणतो. बरं, ही खोड पोरांचीच नाही. डाइक्स्ट्रा म्हणून बडे विद्वान होते, त्यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं की कोबॉल भाषेनं डोकं अधू होतं, ती शिकवणं गुन्हा धरावा. धाकट्यानं ते वाचून दाखवलं, तेव्हा कुठं थोरला गप्प.

आता बोलायच्या भाषांचं तुमच्याकडं बघा. सासूशी तेलुगू, भाजीवालीशी कन्नड, रिक्षावाल्याशी हिंदी, माझ्याशी मराठी. कुठली मोठी म्हणून वाद घातलात कधी?

खरं सांगू, हे प्रेम भाषेचं नाही, पगाराचं आहे. जिच्यात एवढी वर्षं घातली ती मागं पडली तर आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती. म्हणून दुसरीला नावं ठेवायची. अन् ती कोबॉल, डाइक्स्ट्रांनी एवढ्या शिव्या घातलेली? 2000 सालच्या तारखेच्या घोळात तिच्याच दुरुस्तीसाठी आपल्याकडची किती पोरं अमेरिकेला गेली. बँकांत अजून चालते ती.

तुमच्या नातवाचं विचारत होतात ना? सीबीएसईत पायथॉन आहेच, जोडीला आणखी एक शिकू द्या. कुठली ते धाकट्याला विचारा, थोरल्याला विचारा. ह्यांना तेवढं विचारू नका.