मॉडेल पडलं तरी चालेल, परिच्छेद उभा राहिला पाहिजे

अभिनंदन! चंद्रपूर-गडचिरोलीतली तुमच्या वर्गातली सगळी पोट्टी नीट आणि जेईईच्या मागे धावत असताना तुम्ही डिझाइनला जायचं ठरवलंत. "म्हणजे शिवणक्लास का?" असं घरी विचारून झालंच असेल. मनाला लावून घेऊ नका. निफ्टची सिच्युएशन टेस्ट असो की एनआयडीच्या मुख्य परीक्षेतली स्टुडिओ टेस्ट, तुमच्यापुढे काड्या, सुतळी, तार, पुठ्ठा, क्रेप कागद असलं काहीबाही ठेवतील, एखादा प्रसंग देतील आणि मॉडेल करा म्हणतील. मग त्या मॉडेलबद्दल लिहायचं, बोलायचं. नवशिके सगळा वेळ मॉडेलवरच घालवतात. तुम्ही नवशिके आहात, पण तसे दिसू नका.

१. येतं ते आधी विसरा.
तुम्ही बुरडाच्या घरचे असाल, किंवा गल्लीतल्या बुरडकाकांना बांबूच्या कामट्या काढताना पाहत मोठे झाला असाल, तर अवघड आहे. हातातल्या काड्या तुम्ही सवयीने विणायला घ्याल, सुतळीची गाठ अशी माराल की मॉडेल जागचं हलणार नाही. आता न हलणाऱ्या मॉडेलबद्दल लिहिणार काय? थोडं डुगडुगू द्या. डुगडुगतं त्याला 'कायनेटिक' म्हणता येतं. आणि सामानाबद्दल कुरकुर नको. बल्लारशाहचं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेलं. तुमच्या वाट्याला आइस्क्रीमच्या काड्याच आहेत.

२. चूक झाली की खोडत बसू नका, तिचं बारसं करा.
वाकडं झालं: 'ऑरगॅनिक फॉर्म'. सामान संपलं: 'मिनिमलिस्ट'. एक बाजू करायची राहून गेली: 'निगेटिव्ह स्पेस'. फेव्हिकॉल वाळला नाही आणि तुकडे सुटले: 'मॉड्युलर'. फेव्हिकॉलचे डाग दिसतात: 'मटेरियल ऑनेस्टी'. हे पाठ करा. पाढ्यांइतकं अवघड नाही.

३. घरच्या सुपावर सराव करा.
स्वयंपाकघरातलं सूप आणा आणि त्यावर दहा ओळी लिहा. पहिल्या खेपेला तुम्ही लिहाल की तीन बाजूंना काठ आहे आणि पुढची बाजू उघडी, कारण कोंडा पुढे उडायला हवा आणि दाणे मागे राहायला हवेत. मागचा भाग खोलगट, म्हणजे झटका दिला की धान्य तिथे गोळा होतं. वजन इतकं कमी की आजी तासभर पाखडत बसली तरी मनगट भरून येत नाही. विणीतल्या बारीक फटींतून तीळ-जवस गळू नये म्हणून वरून शेणाचा हात फिरवलेला. काठ वेगळ्या कामटीने आवळून बांधलेला, कारण फाटायला सुरुवात तिथूनच होते.

यातलं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. फाडून टाका. पुन्हा लिहा: 'हे एक बायोडिग्रेडेबल, यूझर-सेंट्रिक ग्रेन-सेपरेशन इंटरफेस आहे.' बघा, कोंडा कुठे गेला आणि दाणे कुठे, कुणालाही कळणार नाही. आता तुम्ही तयार होत आहात.

४. 'यूझर' घडवा, भेटू नका.
मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडून आणायचा आणि मग उकिडवं बसून पुडे बांधायचे, हे करणारी मावशी तुमच्या ओळखीची असेल. तिच्यासाठी बसायचं काही बनवा, असा प्रसंग आलाच, तर "तिची कंबर दुखते" असं चुकूनही लिहू नका. 'एर्गोनॉमिक पेन पॉइंट' लिहा. तिला विचारायला गेलात तर ती म्हणेल, "बाई, बसायचं राहू दे, पुड्याला भाव वाढवून दे." हे कोणत्याही मॉडेलमध्ये बसत नाही.

५. प्रेरणा: वाघ.
जिल्हा चंद्रपूर म्हटलं की परीक्षकाच्या डोळ्यांपुढे ताडोबा उभा राहतो. त्याला निराश करू नका. 'वाघाच्या पट्ट्यांतला ऱ्हिदम' लिहा. रात्री धानाच्या राखणीला जाणाऱ्या काकांना वाघ पाहून वेगळीच प्रेरणा होते आणि ते गावाकडे पळतात, ही माहिती स्वतःपाशी ठेवा.

६. 'लोकली सोर्स्ड' हा शब्द एकदा तरी घाला.
फुकट आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी आपलाच बांबू विकायला लागणारी वाहतूक परवान्याची पुस्तकं हातात यायला २०११ उजाडलं. त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. तुमचं काम दोन शब्दांत होतं.

७. मुलाखतीत लोटा काढा.
चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात आपल्या लोट्याचं तोंड भरून कौतुक आहे: पाणी किती मावतं, डोक्यावर, कमरेवर, हातात तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते. तो कुण्या एका माणसाने नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांनी घडवला, असंही म्हटलंय. मुलाखतीत हे सांगा, माना डोलतील. कुण्या तांबटाला प्रवेश परीक्षेला बसवावं, असं मात्र त्यात सुचवलेलं नाही. बरंच झालं. बिचाऱ्याला 'यूझर जर्नी' लिहिता आली नसती.

इथे एक धोका आहे. लोट्यावरून बोलता बोलता तुम्हाला वाटेल की आजीच्या सुपाबद्दलही तसंच साधं बोलावं. मोह आवरा. साधं बोलायला आधी ईम्स व्हावं लागतं. तुम्ही अजून मूल तालुक्यातले आहात.

८. शेवटची पाच मिनिटं.
मॉडेलला हात लावू नका. परिच्छेदात 'सस्टेनेबल' किती वेळा आलंय ते मोजा. दोनदा असेल तर तिसऱ्यांदा घाला. मॉडेल उचलून परीक्षकाच्या टेबलापर्यंत न्यायचं असेल, तर वाटेत ते मोडणार हे गृहीत धरा आणि शेवटच्या ओळीत 'टेम्पररी इन्स्टॉलेशन' आधीच लिहून ठेवा.