जामीन मंजूर, पोच बाकी

लोकशाहीत नागरिकाचे मूलभूत हक्क कुठे असतात, हा नागरिकशास्त्राच्या पेपरातला हमखास प्रश्न. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात, असं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात. पण मुंबईकरांना याहून नेमका पत्ता ठाऊक आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आर्थर रोड तुरुंगाच्या बाहेर एका पेटीत असतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा साऱ्या देशाला टीव्हीवर या पेटीचं दर्शन घडलं. सुटकेचा कागद पेटीत टाकायचा, पेटी ठरलेल्या वेळी उघडायची, कागद निघाला तर माणूस सुटायचा. त्या दिवशी संध्याकाळची वेळ टळली आणि पोराचा मुक्काम एका रात्रीने वाढला. दिमतीला माजी ॲटर्नी जनरल होते, तरी पेटी बधली नाही. कायद्यापुढे सगळे समान, असं अनुच्छेद १४ सांगतो. तो इतरत्र कुठे दिसो न दिसो, पेटीपाशी स्वच्छ दिसतो.

आपल्या न्यायव्यवस्थेवर उगाच टीका होते. ती हक्क नाकारते थोडीच? देते, आणि उदार मनाने देते. दिलेला हक्क वाटेत कुठे बसतो, एवढाच काय तो प्रश्न. त्याच वर्षी आग्र्याच्या तुरुंगातल्या १३ जणांना सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि आदेशाची प्रत टपालाने आली नाही म्हणून ते काही दिवस आतच राहिले. आदेश पोचवायला आपण अजून आभाळातून येणाऱ्या कबुतरांची वाट बघतोय, अशा अर्थाचं सरन्यायाधीश रमणा तेव्हा बोलले होते. (कबुतरांनी हे मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या काळात आवक-जावक नोंदवही नव्हती.) मग मार्च २०२२ मध्ये आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची यंत्रणा आली. तिचं नाव ‘फास्टर’. नाव ठेवण्यात तरी दिरंगाई झाली नाही.

पण कबुतर गेलं आणि ई-मेल आला म्हणून हुरळून जाऊ नका. गुजरातमध्ये जन्मठेपेच्या एका कैद्याची शिक्षा उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्थगित करून त्याला जामीन दिला. रजिस्ट्रीने तुरुंगाला ई-मेल केला. ई-मेल पोचलाही. पण अटॅचमेंट उघडेना! शाळेने पाठवलेली गृहपाठाची पीडीएफ उघडली नाही, तर आई दुसऱ्या मिनिटाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारते. तुरुंगाकडे असा ग्रुप नसावा. कैदी २०२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, आत राहिला. मग उच्च न्यायालयाने त्याला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. दिवसाला साधारण शंभर रुपये पडले. रोजगार हमीवर याहून जास्त मिळतात.

कागद वेळेत पोचला तरी जामीनदार लागतोच. ऐपतीचा दाखला, रेशन कार्ड, सात-बारा असलेला आणि तुमच्यासाठी दिवसभर कोर्टात ताटकळणारा माणूस. असा माणूस ओळखीत असता, तर निम्मे कैदी आत गेलेच नसते. १९७८ च्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर मॅजिस्ट्रेट म्हणाले, याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला. गरिबाला तुरुंगात ठेवायला ऐपतीची अट पुरते, हे दुखणं त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सूत्रही त्यांचंच. वकील मंडळी ते आजही तोंडपाठ म्हणतात. मात्र २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे पाऊण तुरुंग अपवादानेच भरलेला.

सरकारलाही हे दिसलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये म्हटलंय, की पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला सोडा. (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून.) वाचून डोळे पाणावतात. ते पुसून पुढचं उपकलम वाचावं. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील, तर ही सवलत नाही. आता एकच कलम लावलेली एफआयआर तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

गाझियाबादचं प्रकरण तर ताजं आहे. २०२५ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने एकाला जामीन दिला. आदेशात एका उपकलमाचा उल्लेख राहून गेला होता, तेवढ्यावरून तुरुंगाने सुटकेचा हुकूम आल्यावरही त्याला २८ दिवस ठेवून घेतलं. अक्षरांबद्दल इतकी आस्था मराठीच्या पेपर तपासनिसांतही उरलेली नाही. न्यायालयाने पाच लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली, तीही अर्थात तुमच्या-आमच्या करातून.

तेव्हा वाचकहो, एक माहिती कापून ठेवा. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, जामीन मिळून सात दिवसांत कैदी बाहेर आला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. तुमच्या ओळखीचं कुणी असं अडकलं असेल, तर आठव्या दिवशी प्राधिकरणाच्या कार्यालयात जा आणि कळवलं का, ते विचारा. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि आदेशाची छापील प्रत हातात घेऊन जा. अटॅचमेंटच्या भरवशावर राहू नका.